एकावर एक दोन रेषा

सोसायटीच्या सेक्रेटरीनं किंवा बिल्डरच्या ऑफिसातून तुमच्या फोनवर घराचा प्लॅन आला असेल, तर तो पीडीएफ असतो. दोन बोटांनी मोठा करायचा, आपली बेडरूम शोधायची, बाल्कनी खरंच ब्रोशरमध्ये होती तेवढी आहे का ते बघायचं आणि बंद करायचा. पण ही पीडीएफ म्हणजे मूळ ड्रॉइंग नव्हे. मूळ फाइल आमच्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर असते, बहुतेक वेळा डीडब्ल्यूजी नावाच्या फॉरमॅटमध्ये. तिच्यातून पीडीएफ बाहेर काढणं हे ऐकायला एका बटणाचं काम वाटतं. टू-बीएचकेच्या प्लॅनसाठी ते तेवढंच असतं. फाइल मोठी असेल, तर त्याच बटणावर आठवडा जातो.

मी पुण्यात टिळक रोडजवळच्या एका लहान आर्किटेक्चर ऑफिसात काम करते. नव्या बिल्डिंगांची कामं असतातच, पण आमच्याकडे आणखी एक काम येतं. पेठांमधले जुने वाडे पाडण्याआधी ते मोजून त्यांची ड्रॉइंगं करून ठेवायची. कधी मालकाला हवी असतात, कधी कोर्टातल्या वाटणीसाठी लागतात, कधी घराण्यातल्या एखाद्याला वाटतं की निदान कागदावर तरी राहू दे. विश्रामबागवाड्यासारख्या वास्तू हेरिटेजच्या यादीत असतात आणि त्यांची काळजी घ्यायला माणसं असतात. ज्या शेकडो वाड्यांत पेशवा राहिला नाही की कुणी प्रसिद्ध जन्मलं नाही, त्यांच्या वाट्याला फार तर एक टेप, एक टोटल स्टेशन आणि आम्ही येतो.

शनिवार पेठेतला, नदीपासून जवळचा असाच एक वाडा. दोन चौकी, दोन मजली, दिंडी दरवाजा, आत ओसरी, माजघर, देवघर, मागे न्हाणीघर आणि परसू. आमच्या ऑफिसनं आणि कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी मिळून तो मोजला. त्यानंतर वर्षभरात वाडा पडला. आता तिथे सात मजली इमारत उभी राहिली आहे, आणि घराण्यातल्या लोकांनी ठरवलं की तिच्या प्रवेशद्वाराशी, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, जुन्या वाड्याचा उभा छेद लावायचा. बारा फूट रुंद, पाच फूट उंच. प्रिंटरवाल्यानं सांगितलं, "पीडीएफ द्या नाहीतर टिफ द्या, कॅडची फाइल आपल्याकडे चालत नाही." वास्तुशांतीला अकरा दिवस होते.

फाइल १८० एमबीची होती. एक्स्पोर्ट दिलं. निळी पट्टी सरकली, निम्म्याच्या पुढे गेली, थांबली आणि सॉफ्टवेअर गायब झालं. ना एरर, ना सॉरी. डेस्कटॉपवरचा वॉलपेपर तेवढा दिसत राहिला.

*

अशा वेळी ऑफिसात प्रत्येकाकडे एक औषध असतं. रॅम वाढवा. ड्रायव्हर अपडेट करा. दुसऱ्या मशिनवर करून बघा. रात्री लावून जा. यातलं प्रत्येक औषध कधी ना कधी कुणाला तरी लागू पडलेलं असतं, म्हणूनच ते टिकून असतं. आम्ही दुसऱ्या मशिनवर केलं. तिथेही पट्टी जवळपास त्याच जागी थांबली. ही चांगली बातमी होती. दोन वेगळी मशिन एकाच जागी अडखळत असतील, तर दोष मशिनमध्ये असण्यापेक्षा फाइलीत असण्याची शक्यता जास्त.

मग फाइलीत शोधायचं. पण त्यात दहा लाखांच्या आसपास वस्तू होत्या. रेषा, वक्र, अक्षरं, हॅच. दहा लाखांतली नेमकी कोणती?

घरात शॉर्ट सर्किट झालं की इलेक्ट्रिशियन काय करतो ते आठवा. सगळे एमसीबी पाडतो आणि मग एकेक वर करत जातो. आम्ही तेच करतो, फक्त निम्म्यानिम्म्यानं. ड्रॉइंगचा अर्धा भाग वेगळ्या फाइलीत काढायचा आणि एक्स्पोर्ट द्यायचा. क्रॅश झाला तर दोष या अर्ध्यात, नाही झाला तर त्या. मग त्या अर्ध्याचे अर्धे. गणित या पद्धतीच्या बाजूनं आहे. दोन स्वतःशी वीस वेळा गुणला की १०,४८,५७६ होतात. म्हणजे दहा लाख वस्तूंतली एक वाईट वस्तू जास्तीत जास्त वीस फेऱ्यांत सापडते. एकेक तपासत बसलो असतो, तर पुढची वास्तुशांतही हुकली असती.

यात एक खोच आहे. पहिल्याच फेरीत आमचे दोन्ही अर्धे क्रॅश झाले. याचा अर्थ पद्धत चुकली असा होत नाही. याचा अर्थ गुन्हेगार एकापेक्षा जास्त आहेत. अशा वेळी एक अर्धा बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मागे शेवटपर्यंत जायचं आणि मग परत यायचं. दोन दिवस मी आणि काकांनी हेच केलं.

काका म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग पेपर, शाईचं टेक्निकल पेन आणि अमोनिया प्रिंटच्या काळातले. चुकलेली रेष ट्रेसिंगवरून ब्लेडनं खरवडून काढायची असे. एकाच जागी तीनदा खरवडलं की कागदाला भोक. त्यामुळे रेष काढायच्या आधी ती लागणार आहे का, असं ते अजूनही स्वतःशी पुटपुटतात. माऊसवर हात ठेवून पुटपुटणारा माणूस बघायला गंमत वाटते. पण त्यांच्या फाइली कधी क्रॅश होत नाहीत.

*

आम्हाला सापडलं ते असं.

पहिला अपराधी म्हणजे एक चित्र. ड्रॉइंगच्या खाली सिटी सर्व्हेच्या जुन्या शीटचा स्कॅन ठेवलेला होता, आणि तो फिकट दिसावा म्हणून पारदर्शक केला होता. पीडीएफमध्ये रेषा साधारणपणे रेषा म्हणूनच जाते. इथून तिथपर्यंत, एवढी जाड, संपलं. पण प्लॉट करताना पारदर्शकता चालू ठेवली, की सॉफ्टवेअर रेषांचा हिशेब सोडून पानाचा फोटो काढायला बसतं. बारा फूट म्हणजे १४४ इंच, पाच फूट म्हणजे ६०. इंचाला ३०० ठिपके धरले तर ४३,२०० गुणिले १८,०००, म्हणजे ७७ कोटी ७६ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले २३३ कोटी २८ लाख बाइट. आता दुसरा आकडा बघा. कॉम्प्युटरच्या ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. प्रोग्रामच्या एखाद्या जुन्या कोपऱ्यात बाइट मोजायला असा पूर्णांक वापरलेला असेल, तर आमचा पॅनेल त्याच्या मापात बसणारच नव्हता. आमच्या बाबतीत नेमकं तेच घडलं की मशिनची मेमरी आधी संपली, हे बाहेरून सांगता येत नाही. पण स्कॅन काढून पारदर्शकता बंद केली आणि तो अर्धा सुरळीत बाहेर आला.

फोटोच काढायचा असेल, तर इंचाला १५० ठिपके पुरतात. लिफ्टची वाट बघणारा माणूस भिंतीला नाक लावून उभा राहत नाही. ठिपके निम्मे केले की फाइल पाव होते, कारण ते दोन्ही दिशांनी निम्मे होतात.

दुसरा अपराधी छप्पर. विद्यार्थ्यांनी कौलं मनापासून काढली होती. प्रत्येक कौल स्वतंत्र, प्रत्येकाला वक्र कडा, वक्राला डझनावारी बिंदू. अशी हजारो. यावर उपाय म्हणजे एक कौल ब्लॉक म्हणून एकदाच साठवायचं आणि बाकीच्यांनी फक्त "ते, इथे" असं म्हणायचं.

तिसरा म्हणजे कचरा. आपण एका फाइलीतून काहीतरी कॉपी करून दुसरीत चिकटवतो, तेव्हा दिसणाऱ्या वस्तूंबरोबर न दिसणाऱ्याही येतात. न वापरलेले लेअर, रेषांचे प्रकार, कुठल्याशा जुन्या प्लगिनच्या नोंदी. भाड्याची खोली बदलताना आधीच्या भाडेकरूचा सामानही दर वेळी बरोबर नेत राहावा, तसं. पर्ज नावाची आज्ञा तो काढून टाकते, पण आतल्या काही नोंदी तिला वेगळ्यानं सांगाव्या लागतात. आमची फाइल एवढ्यानंच ११० एमबीवर आली.

चौथा प्रकार क्रॅशचा नव्हता, पण सांगण्यासारखा आहे. वाड्याचा नकाशा शहराच्या सर्व्हेशी जुळावा म्हणून तो खऱ्या अक्षांश-रेखांशावरून आलेल्या यूटीएम निर्देशांकांवर बसवलेला होता. या पद्धतीत पुणे उत्तरेकडे विषुववृत्तापासून साधारण २०,४८,००० मीटरवर येतं. मिलिमीटरमध्ये काम केलं, तर दोनशे चार कोटींच्या घरातली संख्या. कॅड सॉफ्टवेअर संख्या पंधरा-सोळा आकड्यांपर्यंत सांभाळतं, त्यामुळे त्याला अडचण नसते. पण एक्स्पोर्टच्या काही फॉरमॅटमध्ये संख्या अर्ध्या जागेत कोंबतात, आणि तिथे फक्त सातेक आकडे विश्वासाचे उरतात. दोनशे कोटींच्या आसपास तिथे दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर असतं १२८. म्हणजे पाच इंच. पाच इंचांपेक्षा बारीक असलेलं सगळं, खांबाच्या तळखड्याची गोलाई, हस्तावरचं कोरीवकाम, कोनाड्याची महिरप, जवळच्या पाच इंची खुंटीला जाऊन अडकतं. विद्यार्थ्यांनी काढलेली थ्रीडी फाइल म्हणूनच दातेरी दिसत होती. वाडा उचलून शून्याजवळ आणून ठेवला आणि दात गेले.

आणि अक्षरं. ओसरी, माजघर, बळद ही नावं युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली होती. अशा फॉन्टमध्ये फाइलीत असतात इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांचे चेहरे देवनागरी असतात. दुसऱ्या मशिनवर तो फॉन्ट नसला, की माजघराच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि दोन-तीन इंग्रजी अक्षरं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ पासून आहे. तरी आमच्या पेठांचे नकाशे अजून वेशांतर करून फिरतात. सगळी नावं मी परत टाइप केली.

*

हे झाल्यावरही एका भागात पट्टी अडकत होती, म्हणून शेवटचं औषध काढलं. एकावर एक पडलेल्या रेषा शोधून जास्तीच्या पुसणारी एक आज्ञा असते. अनेकांनी मिळून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये अशा रेषा हजारोंनी सापडतात. डोळ्यांना एकच दिसते, फाइलीत चार असतात. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. किती जवळच्या रेषा एकच समजायच्या, आणि वेगळ्या लेअरवर असल्या तरी एकच समजायच्या का.

मी फाइलीची प्रत केली, सूट पाच मिलिमीटर ठेवली, लेअर बघू नको असं सांगितलं आणि आज्ञा दिली. ४१ हजार वस्तू पुसल्या गेल्या. पीडीएफ बाहेर आली. मग प्रत आणि मूळ फाइल एकावर एक ठेवून, फरक लाल रंगात दाखवायला लावून, आम्ही दोघं तपासायला बसलो.

काकांचं पहिलं बोट भिंतीवर गेलं. "ही सरळ झाली."

माजघराची भिंत मधोमध बाहेर फुगलेली होती. लहान लहान तुकड्यांनी काढलेली, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा केसभर वळलेला. पाच मिलिमीटरच्या सुटीत ते तुकडे एकमेकांत मिसळून दोन सरळ रेघा झाल्या होत्या.

"काका, बारा फुटांच्या पॅनेलवर हे दिसणार नाही."

"न दिसू दे. पण वाकडी होती ना? मग वाकडी राहू दे. सरळ भिंत बिल्डरनं बांधलीच आहे की."

सूट कमी करून पुन्हा केलं. भिंत फुगली. पुन्हा तपासायला बसलो. आता लाल रंगात एक लांब आडवी रेष उरली होती, पूर्ण छेदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मूळ फाइलीत होती, प्रतीत नव्हती. तिच्या लेअरचं नाव होतं "पूर".

१२ जुलै १९६१. पुण्यात वाढलेल्या कुणालाही ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. वाडा मोजायला आम्ही गेलो, तेव्हा त्या घरात एक आजी होत्या, पुराच्या वेळी नुकतंच लग्न होऊन आलेल्या. भिंतींना नंतर कितीदा तरी रंग लागला होता, त्यामुळे पाण्याची खूण कुठेच नव्हती. आजी जिन्यापाशी आल्या आणि काठीनं पायरी दाखवली. "ही सहावी. हिच्यावर येऊन टेकलं होतं. सातवी कोरडी होती, तिच्यावर आम्ही देव ठेवले होते." विद्यार्थ्यांनी सहाव्या पायरीची पातळी घेतली आणि तिथून एक आडवी रेष सगळ्या छेदातून ओढली.

ती पातळी नेमकी भिंतीत बसवलेल्या लाकडी पट्ट्याच्या वरच्या कडेवर आली होती. म्हणून दोन रेषा तंतोतंत एकावर एक. एक लाकडाची, एक पाण्याची. आज्ञेच्या हिशेबात ती एकच गोष्ट दोनदा काढलेली होती, आणि लेअर बघू नको असं आम्हीच तिला सांगितलेलं होतं.

काकांना मात्र दुसरीच शंका आली. "पाणी बरोबर पट्ट्याच्या कडेलाच कसं थांबेल? माऊसनं ओढून घेतलं असेल."

शंका रास्त होती. कॅडमध्ये स्नॅप नावाची सोय असते. जवळच्या टोकाला, कडेला रेष आपोआप चिकटते. पाणी खरं तर चार बोटं वर किंवा खाली असेल आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या माऊसनं ते पट्ट्याला नेऊन चिकटवलं असेल, तर आपण भिंतीवर लावणार होतो तो पूर स्नॅपचा होता. आजींचा नव्हता.

कपाटातून मोजणीची वही काढली. पेन्सिलनं काढलेला जिना, प्रत्येक पायरी नऊ इंच, सहाव्यापाशी बाण आणि पुढे लिहिलेलं: आजी, पाणी इथपर्यंत, ४ फूट ६ इंच. दुसऱ्या पानावर, वेगळ्या हस्ताक्षरात, भिंतीतल्या पट्ट्याची वरची कड जमिनीपासून ४ फूट ६ इंच. दोन माणसांनी, दोन वेगळ्या दिवशी, एकमेकांना न विचारता लिहिलेलं. सहा नवे चोपन्न. रेष बरोबर होती.

काका म्हणाले, ट्रेसिंगवर असं एकावर एक आलं, की ते दुसरी रेष काढतच नसत, बाजूला लिहून ठेवत. म्हणून तसंच केलं. आज्ञा पुन्हा चालवली, या वेळी लेअर बघ असं सांगून. एकोणतीस हजार वस्तू पुसल्या गेल्या, बाकीच्या राहिल्या. पुराची रेष निळी केली, आणि तिच्या टोकाशी तारीख लिहिली. वाचणाऱ्याला कळेल आणि मशिनला ती जास्तीची वाटणार नाही, अशी.

*

फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात जाताना काय हरवतं, याचं जगातलं सर्वांत महागडं उदाहरण विमानाचं आहे. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात पाचशे किलोमीटरच्या आसपास वायरिंग आहे. हॅम्बुर्गमधले इंजिनिअर कॅटिया या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती वापरत होते, तुलूझमधले दुसरी. ड्रॉइंगमध्ये बसलेल्या वायरी विमानात बसल्या नाहीत, आणि २००६ साली कंपनीला कबूल करावं लागलं की विमानं आणखी उशिरा मिळतील. तिथे निदान विमान समोर उभं होतं. वायर आखूड पडली तर दिसत होती. आमचा वाडा पडलेला होता. ड्रॉइंगमधून रेष गेली असती, तर जाऊन ताडून बघायला भिंतच नव्हती.

म्हणून क्रॅशची मला आता तेवढी भीती वाटत नाही. क्रॅश निदान काहीतरी बिघडलंय असं सांगतो. खरी काळजी एक्स्पोर्ट यशस्वी झाल्यावर सुरू होते. पट्टी शंभरावर पोहोचते, हिरवी खूण येते, सगळे चहाला जातात, आणि आत काय गळलं ते कुणी बघत नाही. तुमच्यापैकी कुणी या कामात असाल, तर एवढंच करा: साफसफाई नेहमी प्रतीवर, आणि नंतर मूळ फाइलीशी ताडून बघणं. उरलेले सगळे उपाय शोधले तर सापडतात.

पॅनेल वेळेत लागला. पीडीएफ शेवटी ३८ एमबीची झाली, सगळ्या रेषा रेषाच राहिल्या. तीच फाइल घरातल्या एकीनं आजींना फोनवर दाखवली. आजींना प्लॅन वगैरे वाचता येत नाही, पण जिना ओळखता आला. त्यांनी पायऱ्या मोजल्या. मग म्हणाल्या, देवघराची खिडकी काढलीत, पण तिच्यात बसणारं मांजर नाही काढलंत. ते मोजणीच्या वहीत नव्हतं.

आम्ही त्या वाड्याच्या चार गोष्टी ठेवल्या आहेत. मूळ डीडब्ल्यूजी, पीडीएफ, नकाशांच्या कपाटात ए-वन कागदावरचे नऊ प्रिंट, आणि डीएक्सएफ. डीएक्सएफ हा १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला फॉरमॅट. आकारानं अवाढव्य, कारण त्यात सगळं साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. पण म्हणूनच तो मला आवडतो. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडली, तर पहिली सहा अक्षरं वाचता येतात, ती कोणत्या आवृत्तीची हे सांगणारी, आणि पुढे सगळा गोंधळ. डीएक्सएफ उघडली तर १० या आकड्याखाली डावी-उजवीकडचं माप असतं, २० खाली वर-खालचं. कुठलंही सॉफ्टवेअर न वापरता, त्याचं वर्गणीचं वर्ष संपलेलं असलं तरी, कुणीही वाचू शकतं.

मी एकदा उघडून शोधलं. लेअरचं नाव "पूर", आणि खाली २० या आकड्यापुढे १३७१.६. मिलिमीटरमध्ये चार फूट सहा इंच.